साठ पत्रांची लांबी

ऑफिसात त्याला सगळे लखोटा म्हणायचे, आणि हे नाव त्याने आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं. नवीन कुणी कामाला लागलं की हा त्याला समोर बसवून धडा द्यायचा, "पोस्टमन लखोट्यावरचा पत्ता वाचतो, आतलं पत्र वाचत नाही. आपणही पोस्टमनच." घरपोच औषधं पाठवणाऱ्या एका दुकानसाखळीचं ॲप चालवणं हे त्याच्या कंपनीचं काम. गिऱ्हाईक फोनवर बोट टेकवतं, तिथून निरोप निघतो, तो सर्व्हरवर येतो आणि सर्व्हर उलट उत्तर धाडतो. येणाऱ्या निरोपाला ही मंडळी रिक्वेस्ट म्हणतात, जाणाऱ्या उत्तराला रिस्पॉन्स, आणि दोघांच्या पोटात जो मजकूर असतो त्याला बॉडी. या सगळ्या ये-जेची नोंद आपोआप होत राहते, तिचं नाव लॉग. लखोट्याचा दंडक असा, की निरोप कधी आला, कुठल्या फोनवरून आला, किती लांब होता आणि त्याचं काय झालं, एवढंच लॉगमध्ये लिहायचं. बॉडी लिहायची नाही, म्हणजे नाही.

दंडकामागे कारण होतं. पहिल्या नोकरीत तो जिथे होता तिथे सगळंच्या सगळं लॉग व्हायचं. एकदा बिघाड शोधता शोधता एका सहकाऱ्याला कुण्या बाईने डॉक्टरला लिहिलेला मजकूर सापडला. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईने जे डॉक्टरलाच सांगावं ते तिने सांगितलं होतं. त्या गृहस्थाने ते चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले, हाही हसला. चार दिवसांनी तीच बाई कसल्याशा तक्रारीसाठी ऑफिसात आली, आणि तिला पाण्याचा ग्लास नेऊन द्यायची वेळ नेमकी याच्यावर आली. तिने नाव सांगितलं तसा हा ग्लास टेबलावर ठेवून आत निघून गेला. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या पत्रात नाक खुपसायचं नाही हे त्याने मनाशी पक्कं केलं.

घरी आई-बाबा आणि तो, तिघंच. लग्नाचं काही जमलं नव्हतं, आणि एकेचाळिसाव्या वर्षी ते कुणी फारसं उकरूनही काढत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीशी बाबांची खुर्ची. एकदा हा फोनवर ओरडत होता, "सगळ्या बॉड्या आजच्या आज नष्ट करा, एकही मागे राहता कामा नये!" तेव्हा आई हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. खुलासा झाल्यावर बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पुढे आठवडाभर तो ऑफिसला निघाला की ते विचारायचे, "आज किती जणांची विल्हेवाट?"

बाबा मुद्रितशोधक. छापखान्यात कच्ची छपाई वाचून चुका काढण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर चुका काढायला काही उरेना, मग ते औषधांच्या डब्यांवरचे बारीक कागद वाचत आणि समासात पेन्सिलीने खुणा करत. तो कागद परत कुणाला पाठवायचा नसतो हे त्यांना कोण सांगणार? ॲप तयार होत असताना मुलाने त्यांना एक वाक्य तपासायला दिलं होतं. 'आम्हाला सांगा' या चौकटीत कुणी काही लिहून पाठवलं की जे उत्तर दिसतं, ते. याने लिहिलं होतं, 'तुमचं म्हणणं यशस्वीरीत्या आमच्यापर्यंत पोहोचलं आहे.' बाबांनी 'यशस्वीरीत्या' खोडलं. म्हणाले, "अरे, पोहोचलं म्हणजे पोहोचलं. त्यात आणखी यशस्वी काय व्हायचं?" वाक्य तसंच गेलं.

आता वाईट वाटतं ते याचं, की मुलगा वाईट नव्हता. बाबांची औषधं वेळेवर यायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच घेऊन जायचा, वर आवाज कधी चढवला नाही. नव्हता तो फक्त वेळ. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी साडेसातला घरात, आणि जेवताना ताटाशेजारी फोन. बाबा म्हणायचे, "अरे, तुला एक विचारायचं होतं." हा म्हणायचा, "एक मिनिट हं बाबा." ते मिनिट संपेपर्यंत बाबांचं जेवण उरकायचं, आणि ते हात धुऊन खिडकीशी जाऊन बसायचे. काय विचारायचं होतं, हे दुसऱ्या दिवशी याला आठवायचंसुद्धा नाही.

एका रविवारी बाबा वैतागून म्हणाले, "तुझ्याशी बोलायचं तर अर्ज कुठे करायचा, ते तरी सांग."

हा मान वर न करता म्हणाला, "ॲपमध्ये 'आम्हाला सांगा' आहे ना, तिथे लिहा. तिथलं सगळं माझ्याकडेच येतं."

चेष्टेत म्हटलं होतं. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सगळं?"

"सगळं," हा म्हणाला आणि विसरून गेला.

ॲप चालू होऊन तीन-चार महिने झाले असतील, तेव्हा त्याच्या टेबलाशी टेस्टर बाई आल्या. ॲप आपटून, उलटंपालटं करून त्यातली खोट शोधायची हे त्यांचं काम. त्या दिवसातून चारदा शंका काढतात म्हणून लोक त्यांना शंकासूर म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडत असे. त्या म्हणाल्या, "लखोट्या, एक गंमत बघ. 'आम्हाला सांगा'वर एकाच फोनवरून रोज दुपारी चारच्या सुमाराला लांबलचक काहीतरी येतंय. तीन आठवडे झाले. आणि प्रत्येक वेळी त्याच्यापाठोपाठ 'साठवता आलं नाही' अशी ओळ पडतेय."

"बाकीच्यांचं साठतंय ना?"

"बाकीचे लिहितात 'छान', नाहीतर 'माल उशिरा आला'. ते साठतंय. हा एकटाच निबंध लिहितोय. असं कर, एक दिवस बॉडी लॉग करू. काय लिहितोय ते दिसेल, म्हणजे बिघाडही कळेल."

लखोटा खुर्चीत ताठ झाला. "अजिबात नाही. लोकांची पत्रं वाचायची नाहीत."

"अरे, वाचायला कोण बसलंय? निदान का साठत नाही ते तरी बघ."

"बघतो. असतील कुणीतरी रिकामटेकडे काका. दुपारची झोप येत नसेल, बसतात टाइप करत. औषध मिळालं नाही असं तर म्हणत नाहीयेत ना?"

"ते मला कसं कळणार? तूच वाचू देत नाहीस."

दोघं हसले. टेस्टर बाईंनी तक्रार नोंदवली, याने तिच्यापुढे 'तातडीचं नाही' असं लिहिलं, आणि ती बाकीच्या दीडशे तक्रारींच्या ढिगात जाऊन पडली. आता इथे याला दोन शब्द सुनावायलाच हवेत. बॉडी न वाचण्याचा नियम बरोबरच होता. पण बिघाड शोधायला पत्र वाचावं लागत नव्हतं. लखोटा पेटीत मावत नाहीये एवढं बघायला पोस्टमनला तो फोडावा लागत नाही. तत्त्वाच्या आड आळस बसला की दोन्ही सारखीच सोवळी दिसतात, एवढंच.

बिघाड तरी केवढा? फोनवरच्या चौकटीत कितीही लिहिता यायचं. सर्व्हरकडे साठवायला जागा होती अडीचशे अक्षरांची, कारण हल्ली एवढ्याहून जास्त कोण लिहितं, असं ठरवताना सगळ्यांना वाटलं होतं. त्याहून मोठं काही आलं की साठवण अख्खा मजकूर टाकून द्यायची. आणि उत्तर? ते आधीच निघून गेलेलं असायचं. फोनवर चक्र फिरत राहिलं की लोक कंटाळतात, म्हणून आधी 'पोहोचलं' म्हणायचं आणि मागाहून सावकाश साठवायचं, ही युक्ती लखोट्याचीच. साहेबांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली होती.

असेच आणखी नऊ आठवडे गेले. मग एका मंगळवारी सकाळी बाबा दाढी करताना मोरीत पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सतरा दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले ते चाकांच्या खुर्चीतून. डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या, की त्यांना समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, पण आपलं म्हणून काही बोलता येणार नाही. लिहिताही येणार नाही, कारण हात गेलाय आणि डोक्यातली अक्षरंही विस्कटली आहेत. अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शाबूत राहतो. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी. बाबांचा राहिला होता 'मग'. पाणी हवं असलं तरी मग, नको असलं तरी मग. सुरावरून ओळखायचं.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी आई बाबांचे कपडे घड्या घालत होती. तिने सहज विचारलं, "काय रे, तुला ते मिळायचं ना?"

"काय?"

"हे तुला लिहायचे ते. रोज दुपारी, चहा झाला की. एका बोटाने टुकूटुकू, पाऊण पाऊण तास. मी डोकावले की फोन उलटा धरायचे. म्हणायचे, आमच्या दोघांतलं आहे."

त्याच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. आई आपल्या नादात बोलत होती, "आणि तू यायच्या वेळी खिडकीतून बघत बसायचे. तू झोपायला गेलास की मला विचारायचे, काही बोलला का गं तो? मी म्हणायचे, कामात असेल. तर म्हणायचे, पोहोचलंय त्याला, तसं उत्तर येतं ना मला. बोलेल सवडीने."

दुसऱ्या दिवशी तो साडेसातलाच ऑफिसात जाऊन बसला. बाबांच्या फोनची ओळख सांगणारा लांबलचक आकडा त्याने कागदावर लिहून आणला होता. लॉगमध्ये तो शोधला आणि पडदाभर ओळी आल्या. एकसष्ट. सोमवार ते शुक्रवार, चार वाजून पाच, चार वाजून बारा, चार वाजून नऊ. शनिवार-रविवारी एकही नाही, कारण त्या दिवशी मुलगा घरी असायचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी रिक्वेस्टची लांबी आणि पुढे रिस्पॉन्सचा निकाल, ठीक. एकसष्ट वेळा ठीक.

एकच मजकूर साठला होता, पहिला, कारण तो आखूड होता. 'चि. यास, हे तुझ्याकडेच येतं ना? मिळाल्यास तसं सांग, म्हणजे पुढचं सविस्तर लिहीन. — बाबा.' ग्राहकसेवेतल्या कुणीतरी त्याच्यावर 'चुकीच्या ठिकाणी आलेला मजकूर' असा शिक्का मारून तो बंद केला होता. ग्राहकसेवेची काय चूक? आणि त्या पत्राला उत्तर तर लगेच गेलेलंच होतं. बाबांनी स्वतः तपासलेलं वाक्य होतं ते. त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही तर कोण ठेवणार?

राहिली साठ. त्याने जिथे जिथे शोधता येतं तिथे तिथे शोधलं. साठवणीच्या जुन्या प्रती उघडल्या, बाबांचा फोन उलटासुलटा केला. मजकूर पाठवला की चौकट रिकामी व्हायची, तशी ती झाली होती. मग तो लांब्या बघत बसला. मराठीत अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाला कॉम्प्युटरच्या मापाने तीन तीन बाइट लागतात. त्याने भागाकार केले. सातशे अक्षरं. साडेआठशे. बाविसाव्या दिवशी दीड हजारावर, त्या दिवशी काय झालं असेल? कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी तो दोन दिवसांच्या दौऱ्यावर गेला होता. एका दिवशी जेमतेम तीनशे. पन्नास अक्षरं कमी लिहिली असती तर ते पत्र आज त्याच्या हातात असतं. शेवटचं सोमवारी, चार वाजून सात मिनिटांनी, अकराशे अक्षरांचं.

टेस्टर बाई आल्या तेव्हा तो तसाच बसला होता. पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अरे, हे तर आपले निबंधवाले काका." मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"माझे बाबा आहेत," तो म्हणाला.

बाईंनी हळूच विचारलं, "मी तुझ्याकडे आले त्या दिवशी किती झाली होती?"

"सोळा."

म्हणजे त्या दिवशी बाईंचं ऐकलं असतं तर पुढची पंचेचाळीस मिळाली असती. हा हिशेब त्याने सकाळीच करून ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लहानपणी आई त्याला म्हणायची ते चष्म्यासाठी. बाबा एका खोलीपलीकडे बसलेले असायचे आणि हा जगभरच्या लोकांचे निरोप सुखरूप पोहोचवत हिंडत होता. त्याने साठवणीची जागा वाढवली आणि उत्तर साठवणीनंतर जाईल असं केलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. बैल गेला आणि झोपा केला. नंतर तो पायऱ्यांवर जाऊन बसला आणि माणसं येत-जात असताना रडला.

बाबांना खरं सांगायचं की नाही, या एका गोष्टीने त्याचे पुढचे पाच दिवस खाल्ले. आई म्हणाली, "सांगू नकोस. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे, की तुला सगळं कळलंय." आईचं म्हणणं त्याला पटलं, म्हणजे पटवून घेणं सोपं होतं. काय लिहिलं असेल असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत बाबा. तुझ्या लग्नाचं असेल. छापखान्यातलं असेल. एकदा लिहिता लिहिता हसत होते, एकदा डोळे पुसत होते. मी विचारलं नाही."

रविवारी सकाळी त्याने फोन आतल्या खोलीत ठेवला आणि स्टूल घेऊन बाबांच्या खुर्चीसमोर बसला. खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. त्याने त्यांचा चांगला हात, डावा, आपल्या हातात घेतला.

"बाबा, तुम्ही लिहिलेलं सगळं मिळालं मला. सगळं वाचलं."

बाबांचा अर्धा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि दाराशी उभ्या असलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला. क्षणभर त्यालाही वाटलं, की झालं, सुटलो. मग बाबांनी त्याचा हात घट्ट धरला, थोडे पुढे वाकले आणि विचारलं,

"मग?"

बाबा वाट बघत होते. साठ दिवस पाहिली तशीच, घाई न करता. कशाचं उत्तर हवंय तेच त्याला माहीत नव्हतं. हो म्हणावं तर कशाला, नाही म्हणावं तर कशाला?

"मग?" बाबांनी पुन्हा विचारलं. या वेळी जरा काळजीने, आपण काही भलतंच तर विचारलं नाही ना अशा सुरात. ते त्याला सहन झालं नाही.

"खोटं बोललो, बाबा," तो म्हणाला. "एकही पोहोचलं नाही. पहिलं तेवढं आलं, बाकी सगळी हरवली. चूक माझीच. पोहोचलं असं तुम्हाला सांगणारं ते मीच लिहिलं होतं, आणि पोहोचतंय का ते मी कधी बघितलं नाही. तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत नाही."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. हात सुटला नाही. डोळे एकदा मिटले, उघडले. मग त्यांनी खुर्चीत अंग सावरलं, घसा खाकरला, आणि सुरुवात केली.

"मग," ते म्हणाले. "मग मग, मग मग मग. मग."

पहिल्यापासून सांगत होते. कुठे सूर चढला, कुठे खाली आला, कुठे स्वल्पविरामाएवढे थांबले. मध्ये एकदा कसल्याशा आठवणीने हसले, आणि हसणं संपल्यावर बराच वेळ हळू आवाजात बोलले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका ठिकाणी काहीतरी विचारलं आणि स्वतःच मान हलवून पुढे गेले. आईने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. ऊन मांडीवरून जमिनीवर उतरलं. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. एक शब्दही कळला नाही.